‘बाई, हे लागतं का?’

मुलांनो, आम्हां शिक्षकांना वर्गात दिवसभर प्रश्न विचारले जातात. ‘बाई, पाणी पिऊन येऊ?’ पासून ‘बाई, चंद्र खाली का पडत नाही?’ पर्यंत. त्यातले बरेचसे शाळा सुटेपर्यंत विसरूनही जातात. पण मागच्या वर्षी माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलानं विचारलेला प्रश्न काही माझ्या डोक्यातून गेला नाही. तो टेबलाजवळ आला, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, ‘‘बाई, तिचं ते लागतं का?’’

‘ती’ म्हणजे आमच्या वर्गातलीच एक मुलगी. तिला विचारूनच मी हे लिहिते आहे. ‘‘लिहा, पण नाव नको,’’ असं ती म्हणाली, म्हणून नाव सांगत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत आली, तेव्हा तिच्या ओठांच्या कडेला आणि बोटांवर पांढरे डाग दिसायला लागले होते. दुपारी खिचडीची पंगत बसली, की तिच्या शेजारच्या ताटल्या थोड्या बाजूला सरकायच्या. पहिल्या दिवशी वीतभर, दुसऱ्या दिवशी हातभर. आठ दिवसांत ती पंगतीच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून एकटीच जेवायला लागली.

खरं सांगू? मला हे दिसलं होतं. मुलांची भांडणं असतील, आज कट्टी तर उद्या बट्टी, असं मनाशी म्हणून मी सोडून दिलं. ती चूक माझी. मग ती शाळेत यायचीच थांबली. चौथ्या दिवशी तिचे वडील आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, ‘‘बाई, पोरीचा दाखला द्या. मामाच्या गावाला ठेवतो तिला. इथं रडत बसती नुसती.’’

मी म्हटलं, ‘‘दाखला कुठं जात नाही. आज शाळा सुटल्यावर आपण आधी डॉक्टरांकडे जाऊ.’’

कापसाची परीक्षा

संध्याकाळी आम्ही आरोग्य केंद्रात गेलो. ती, तिचे वडील, आजी आणि मी. डॉक्टरबाईंनी तिला डोळे मिटायला सांगितले. मग कापसाची बारीक वात करून तिच्या बोटांना, हाताला, गालाला हलकेच लावली. ‘‘लागलं की बोट ठेवून दाखव हं!’’ कापूस जिथं जिथं टेकला, तिथं तिथं तिनं बरोबर बोट ठेवलं. पांढऱ्या डागावरसुद्धा.

डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘‘डाग दुधासारखा पांढराशुभ्र आहे आणि तिथं स्पर्श नीट कळतो आहे. हा कुष्ठरोग नाही, हे कोड आहे. आणि कोड कुणालाही लागत नाही. हात धरल्यानं नाही, एका ताटात जेवल्यानं नाही, एका अंथरुणात झोपल्यानंसुद्धा नाही.’’

मग त्यांनी समजावून सांगितलं. आपल्या कातडीत रंग तयार करणाऱ्या बारीक पेशी असतात. त्या रंगाला मेलॅनिन म्हणतात. तो जास्त असला की माणूस सावळा, कमी असला की गोरा. आता आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारं एक सैन्यही असतं. कधीकधी या सैन्याची गफलत होते. आपल्याच रंगाच्या पेशींना ते शत्रू समजतं आणि मारून टाकतं. तिथली कातडी मग पांढरी दिसते. ना दुखत, ना खुपत. उन्हात मात्र तो भाग लवकर भाजतो, म्हणून जपायचं. मलमं आहेत, प्रकाशाचे उपचार आहेत. त्यांना वेळ लागतो. काहींचा रंग बराचसा परत येतो, काहींचा येत नाही. जगात साधारण शंभर-दोनशे माणसांमागे एकाला कोड असतं.

आजींचं समाधान झालेलं नव्हतं. ‘‘डॉक्टरीणबाई, दूध आन् मासं एकदम खाल्लं म्हनून झालं का वो?’’

‘‘नाही आजी. कितीतरी देशांत माशांचं सार दूध घालूनच करतात. तिथली माणसं काय सगळी पांढऱ्या डागांची आहेत होय? आणि कुणाचं पाप नाही, कुणाची नजर नाही. तुमच्या सुनेचं तर काहीच चुकलेलं नाही.’’ हे शेवटचं वाक्य त्यांनी मुद्दाम जोरात म्हटलं. घरी त्यावरून काय चाललं असेल, ते त्यांनी ओळखलं होतं.

मी विचारलं, ‘‘आणि कुष्ठरोग असता तर?’’

‘‘तरी पंगतीतून उठवायचं कारण नव्हतं. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बहुतेक वेळा स्पर्श कळेनासा होतो. त्याचे जंतू असतात, पण ते पटकन लागत नाहीत. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ सहवासातच धोका असतो. आणि औषध सुरू झालं, की तोही राहत नाही. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घ्यायच्या, सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात.’’

परतताना माझ्या मनात आलं, नऊ-दहा वर्षांच्या मुलांना दोष देऊन काय उपयोग? कुठला आजार लागतो आणि कुठला नाही, हे आपण त्यांना नीट सांगितलंय कधी?

फळ्यावरची चार घरं

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सगळ्यांना कागदाच्या चिठ्ठ्या दिल्या. ‘‘तुम्हाला माहीत असलेले आजार लिहा.’’ चिठ्ठ्यांचा ढीग जमला. सर्दी, खोकला, कावीळ, डेंगी, शुगर, बीपी, कॅन्सर, खरूज, कोरोना. एकानं लिहिलं होतं ‘आजीचे गुडघे’. एकीनं लिहिलं होतं ‘नजर लागणे’.

मी फळ्यावर चार घरं आखली आणि म्हटलं, ‘‘आता प्रत्येक आजाराला त्याच्या घरी पोचवू या.’’

पहिलं घर जंतूंच्या आजारांचं. यात बाहेरून कुणीतरी शरीरात शिरतं. जिवाणू, विषाणू, बुरशी किंवा जंत. यांनाच संसर्गजन्य आजार म्हणतात. पण मुलांनो, इथंही प्रत्येकाची वाट वेगळी असते. सर्दी, गोवर, कोरोना आणि क्षय हवेतून येतात. क्षयाचा जंतू सापडल्याचं रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केलं. कॉलरा आणि विषमज्वर घाण पाण्यातून आणि उघड्या अन्नातून येतात, काही प्रकारची कावीळही तशीच येते. हिवताप आणि डेंगी डासांमुळे होतात. खरूज कातडीला कातडी लागून पसरते.

‘‘म्हणजे डेंगीवाल्याजवळ बसलं तरी डेंगी होत नाही?’’ मागच्या बाकावरून प्रश्न आला. शाब्बास! नाहीच होत. डेंगी झालेल्या माणसाला घाबरायचं नाही, घरामागच्या टायरात साचलेल्या पाण्याला घाबरायचं.

काही जंतू जनावरांकडून येतात. आमच्या शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ते १९८८ साली सुरू झालं. गाई-म्हशी, कुत्री, कोंबड्या यांचे डॉक्टर तिथं तयार होतात. जनावर निरोगी, तर त्याच्याभोवतीचा माणूसही निरोगी. रेबीजचंच बघा. पिसाळलेलं कुत्रं चावलं तर हा आजार होतो आणि एकदा लक्षणं दिसली, की माणूस बहुधा वाचत नाही. पण चावल्याबरोबर लस घेतली, तर वाचतो. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांनी पॅरिसमध्ये ही लस द्यायला सुरुवात केली ती जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला. तो वाचला. म्हणून पाठच करून ठेवा. कुत्रं चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची. तिखट, चुना, हळद काही लावायचं नाही. आणि मार बसेल या भीतीनं लपवायचं तर मुळीच नाही. लगेच मोठ्यांना सांगायचं आणि दवाखाना गाठायचा.

दुसरं घर कमतरतेच्या आजारांचं. इथं बाहेरून कुणी येत नाही, आतलंच काहीतरी कमी पडतं. लोह कमी पडलं की रक्त कमी होतं, धाप लागते, अभ्यासात लक्ष लागत नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी गुलाबी गोळी त्यासाठीच असते, ती खिडकीबाहेर टाकण्यासाठी नसते! अ जीवनसत्त्व कमी पडलं, की संध्याकाळनंतर दिसेनासं होतं. त्याला रातांधळेपणा म्हणतात. आयोडीन कमी पडलं, की गळ्याला गलगंड येतं, म्हणून मिठात आयोडीन घालतात.

तिसरं घर जन्माबरोबर येणाऱ्या आजारांचं. आईवडिलांकडून आपल्याला नाक-डोळे मिळतात, तसे काही आजारही मिळू शकतात. नंदुरबार, गडचिरोली या जिल्ह्यांत सिकलसेल नावाचा आजार आढळतो. रक्तातल्या गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग असह्य दुखतं. अशा मुलाला शाळेत वारंवार गैरहजर राहावं लागतं. त्याला आळशी म्हणणं किती चुकीचं, बघा.

चौथं घर शरीराच्या कामात बिघाड होण्याचं. मधुमेह, रक्तदाब, दमा, कॅन्सर, संधिवात. आजीचे गुडघेही इथेच, कारण वापरून वापरून सांधे झिजतात. मनाचे आजारही या घरात बसतात. सतत उदास वाटणं, भीती वाटणं हेही आजार असू शकतात आणि त्यांनाही उपचार असतो. यातले काही बिघाड आपण हातानं ओढवून घेतो. तंबाखू, गुटखा, मिश्री यांमुळे तोंडाचा कॅन्सर होतो. काही बिघाड मात्र कुणाच्याच चुकीमुळे होत नाहीत. लहान मुलांना होणारा मधुमेह बहुतेक वेळा असाच असतो. गोड खाल्ल्यामुळे तो होत नाही. शरीराचं सैन्य तिथंही गफलत करतं आणि इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मारतं. १९२२ साली कॅनडातल्या टोरंटो शहरात एका १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं गेलं. त्याआधी या आजाराची मुलं फार दिवस जगत नसत.

काही आजार दोन घरांत पाय ठेवून असतात. मोठ्या माणसांचा मधुमेह घराण्यातूनही येतो आणि सवयींतूनही.

शेवटी एक चिठ्ठी उरली, ‘नजर लागणे’. चारही घरांत तिला जागा मिळेना. ‘‘बाई, ती केराच्या टोपलीत!’’ असं जिनं ती लिहिली होती तीच म्हणाली.

मग मी विचारलं, ‘‘आता सांगा, यातली कुठली घरं ‘लागणाऱ्या’ आजारांची?’’ सगळ्यांनी पहिल्या घराकडे बोट दाखवलं. उरलेल्या तीन घरांतले आजार शेजारी बसून, ताट लावून, हात धरून कधीच लागत नाहीत. कोड या आजाराचं नाव कुणी चिठ्ठीत लिहिलं नव्हतं. ते मी खडूनं चौथ्या घरात लिहिलं आणि काहीच बोलले नाही. वर्ग एकदम शांत झाला.

वाट सापडली की आजार हरतो

हे सगळं कळून फायदा काय? फायदा असा, की आजाराची वाट कळली, की ती अडवता येते. दोनच गोष्टी सांगते.

तुमच्या आजी-आजोबांना नारू विचारा. हा हातभर लांब, दोऱ्यासारखा जंत. तो पायातून बाहेर यायचा आणि माणसाला आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळवायचा. त्याच्यावर लस नाही, त्याला मारणारं औषध नाही. पण त्याची वाट सापडली. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून लोक पाणी भरायचे. नारू झालेला पाय पाण्यात बुडाला, की त्याची पिल्लं पाण्यात जायची, तिथल्या बारीक पाणपिसवांच्या पोटात शिरायची आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पोटात पोचायची. मग गावोगाव सांगितलं गेलं, पाणी कापडानं गाळून प्या, पाय पाण्यात बुडवू नका. पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या किंवा बदलल्या. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ साली आढळला आणि २००० साली आपला देश नारूमुक्त जाहीर झाला. अर्ध्याहून जास्त लढाई एका फडक्यानं जिंकली म्हणा ना!

दुसरी गोष्ट देवीची. घरातल्या साठीच्या पुढच्या माणसांच्या दंडावर गोल वण असेल, तो बघा. ती देवीची लस. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ साली ती शोधली. भारतात ती पहिल्यांदा टोचली गेली १४ जून १८०२ रोजी, आपल्या मुंबईत, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. त्यानंतर पावणेदोनशे वर्षं लोकांनी नेटानं लस पोचवली आणि ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली. देवी हा देवीचा कोप असता, तर सुईनं गेला असता का?

नायगावची लेक

आता तुम्ही म्हणाल, ‘‘बाई, पहिल्या घरातला आजार असेल, तर मग त्या माणसाला दूर लोटायचं का?’’

या प्रश्नाचं उत्तर आमच्याच खंडाळा तालुक्यात आहे. शिरवळजवळच नायगाव आहे. ३ जानेवारी १८३१ रोजी तिथं सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. त्यांनी मुलींची शाळा चालवली, शेण-चिखल अंगावर झेलला, हे तुम्ही पुस्तकात वाचलंच आहे. त्यांच्या शेवटच्या दिवसांबद्दल मात्र आपण कमी बोलतो.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि मग पुण्यातही पसरला. काखेत किंवा जांघेत गाठ यायची, ताप चढायचा आणि पाच-सहा दिवसांत माणूस जायचा. घरंच्या घरं ओस पडली. सख्खी माणसं एकमेकांना सोडून पळाली. सावित्रीबाईंचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ माळावर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला. पासष्टी ओलांडलेल्या सावित्रीबाई तिथं रुग्ण आणत, त्यांची सेवा करत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणलं, असं सांगतात. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत शोधलं. म्हणजे सावित्रीबाई गेल्या, तेव्हा ही वाट अजून सापडलेली नव्हती. मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःलाच टोचून घेतली होती, पण ती घरोघर पोचायला वेळ होता. आज प्लेगवर औषधं आहेत.

सावित्रीबाईंकडे लस नव्हती, औषध नव्हतं. आजार भयंकर लागणारा आहे, एवढं त्यांना दिसत होतं. आज आपल्याला मास्क माहीत आहे, हात धुणं माहीत आहे, लस आहे. लागणारा आजार असेल, तर रुग्णाला थोडे दिवस वेगळं ठेवावं लागतं. २०२० साली कोरोनात आपण तेच केलं. पण वेगळं ठेवणं निराळं आणि टाकून देणं निराळं. वेगळ्या खोलीतल्या माणसाला जेवण द्यायचं, खिडकीतून बोलायचं, बरा झाला की पहिल्यासारखं जवळ बसायचं.

मग आजारी कोण होतं?

१९४८ साली जागतिक आरोग्य संघटना स्थापन झाली. आरोग्य म्हणजे नुसता आजार नसणं नव्हे, तर शरीर, मन आणि चारचौघांतलं जगणं या तिन्ही गोष्टी ठीक असणं, असं तिनं सांगितलं. आमच्या वर्गातल्या मुलीचं शरीर ठणठणीत होतं. ती धावत होती, खो-खो खेळत होती. तिचं मन आणि तिचं चारचौघांतलं जगणं बिघडलं, ते डागांमुळे नाही. ते आमच्या सरकणाऱ्या ताटल्यांमुळे आणि माझ्या गप्प बसण्यामुळे.

सोमवारी ती परत आली. खिचडीच्या वेळी तिनं ताटली घेतली आणि सवयीनं भिंतीकडे निघाली. ज्यानं मला तो प्रश्न विचारला होता, तो मुलगा उठला आणि तिच्या शेजारी जाऊन बसला. म्हणाला, ‘‘मला तर मागच्या वर्षी खरूज झालती. ती लागती. तरी तू मला पेन्सिल दिली होतीस.’’ सगळे हसले, तीही हसली. मग आणखी दोघी गेल्या. सगळा वर्ग काही त्या दिवशी तिच्या बाजूला बसला नाही. एका मुलाच्या आईनं तर मला रस्त्यात अडवून विचारलं, ‘‘बाई, नक्की ना?’’ मी पुन्हा सगळं सांगितलं. असं पुष्कळदा सांगावं लागतं, त्याला कंटाळून चालत नाही.

पालकांनाही एक विनंती. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००६ सालचा ‘नितळ’ हा मराठी चित्रपट कोड असलेल्या एका डॉक्टर मुलीवर आहे. जमलं तर घरी सगळ्यांनी मिळून बघा.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एक काम. रविवारी वहीच्या एका पानावर चार घरं आखा. घरात आणि गल्लीत कुणाला काय झालं होतं, ते मोठ्यांना विचारून लिहा. आजारांची नावं लिहा, माणसांची नको. मग पहिल्या घरातल्या प्रत्येक आजारापुढं त्याची वाट लिहा, हवा, पाणी, डास, स्पर्श की जनावर. ती वाट अडवायला आपण काय करू शकतो, तेही लिहा. आमच्या वर्गातली सगळ्यांत नीट वही कुणाची झाली, ठाऊक आहे? तिचीच! चौथ्या घरात तिनं पहिलंच नाव ‘कोड’ लिहिलं होतं आणि त्याच्यापुढं, मी न सांगताच, ठळक अक्षरांत लिहिलं होतं : लागत नाही.